जिला सांगायचं तिला

ताडकळसहून परभणीला जाणारी सकाळची एसटी म्हणजे तोंडापर्यंत भरलेलं पोतं. त्या पोत्यात, मागच्या चाकावरच्या सीटवर, डॉक्टर मंजुषा खिडकीला चिकटून बसली होती आणि तिची धाकटी बहीण पंकजा तिची मुलाखत घेत होती. मुलाखत खोटी होती, सरावापुरती, पण पंकजाचा रुबाब असा, की दवाखाना जणू हिच्याच नावावर आहे.

पंकजा अकरावीत होती. तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिला नंबर काढल्यापासून ती घरात मीठ मागायचं झालं तरी आधी घसा साफ करायची आणि सगळ्यांवरून एक नजर फिरवायची. ताईच्या मुलाखतीसाठी तिनं वहीचे पुठ्ठे कापून सहा कार्डं केली होती. कार्डाच्या पुढं प्रश्न, मागं उत्तर.

"हं, डॉक्टर," ती म्हणाली, "न शिकलेल्या पेशंटला आजार कसा समजावता?"

"सोप्या शब्दांत. घरातल्या वस्तूंची उदाहरणं देऊन. आणि समजलं का असं विचारत नाही. घरी जाऊन काय करणार ते तुम्हीच मला सांगा, असं म्हणते."

"नव्वद मार्क. दहा कापले, कारण तू पाढे म्हणल्यासारखं म्हणलीस. नातेवाईक चिडला तर?"

"आधी ऐकून घेते. मधे बोलत नाही. बसायला खुर्ची देते, पाणी देते."

"पाणी आधी, खुर्ची मागून. घसा कोरडा असला की माणूस जास्त भांडतो."

पुढच्या सीटवरचा पटकेवाला म्हातारा मागं वळून म्हणाला, "बरूबर हाय पोरीचं." पंकजानं मान लववून त्याचा सत्कार स्वीकारला आणि सहावं कार्ड काढलं.

"तुमचं बोलणं कमी पडलं, असा एक प्रसंग सांगा."

मंजुषा खिडकीबाहेर बघत राहिली. कोवळ्या सोयाबीनच्या रानात बाया खुरपत होत्या. एक जण उठून कंबर सरळ करत होती.

"ताये, हे लय इंपॉर्टंट हाय. सगळीकडं इचारतात. आबासाहेब सांग."

आबासाहेब हे पंकजाचं लेकरू. ते फक्त कार्डाच्या मागं राहत होते. वय पंच्याहत्तर, ऐकायला कमी. मंजुषानं त्यांना रात्रीची गोळी सांगितली ती त्यांनी सकाळी घेतली आणि दिवसभर शेताच्या बांधावर झोपून राहिले. मग मंजुषाला आपली चूक उमगली. तिनं गोळ्यांच्या पाकिटांवर पेनानं सूर्य आणि चंद्र काढून दिले आणि आबासाहेब ठणठणीत झाले.

"चंद्र कोरीचा काढला का पुनवेचा, असं कुणी इचारलं तर?" पंकजानं विचारलं.

"कोरीचा."

"पास."

मंजुषा हसली, पण ते हसू बसच्या खिडकीच्या काचेसारखं होतं. अर्ध्यावर अडकलं आणि खालीवर होईना.

परभणीत नवा मोठा दवाखाना झाला होता. तिथं एक डॉक्टर फक्त नातेवाईकांशी बोलायला हवा होता. ऑपरेशनच्या आधी समजावायचं, काही वाईट घडलं तर सांगायचं, सह्या घ्यायच्या. घरात सगळ्यांना वाटत होतं, मंजुषाला शहर हवंय, वर मोठा पगार हवाय. पंकजाला तर शहरात ताईकडं राहून बारावी करायची होती. तिनं खोलीतली आपली भिंतसुद्धा ठरवून ठेवली होती.

खरं कारण मंजुषानं कुणालाच सांगितलं नव्हतं. ते कारण मंगळवार होतं.

ती गावाकडच्या ज्या आरोग्य केंद्रात कंत्राटावर होती, तिथं मंगळवारी पोटुशा बायांची तपासणी असायची. चार दिवसांपूर्वी सिस्टरनं रजिस्टरमध्ये पुढच्या मंगळवारच्या यादीत एक नवं नाव लिहिलं. शिवकांता, वय एकोणीस, पाचवा महिना. शेजारी घरच्या माणसाचं नाव होतं, सुग्रीव, सासरा. मंजुषाच्या हातातला चहा तसाच गार झाला. त्याच घरातली, त्याच सासऱ्याची आधीची सून राजेश्री दीड वर्षापूर्वी गेली होती. आता तिच्या जागी आलेली पोर येत्या मंगळवारी मंजुषासमोर येऊन बसणार होती. आज शनिवार. नोकरी मिळाली तर सोमवारी हजर व्हायचं होतं. म्हणजे मंगळवारी त्या खुर्चीत दुसरं कुणीतरी असलं असतं.

दवाखान्याच्या दारात पंकजानं ताईची ओढणी सरळ केली. "मी इथंच बाकड्यावर हाय. आबासाहेबांवर भरवसा ठेव."

आतल्या खोलीत एसी इतका होता की मंजुषाच्या बोटांची नखं निळी पडली. टेबलापलीकडं दोघं होते. डॉक्टर भगवानराव, पांढऱ्या मिशांचे, तीस वर्षं परभणीत नाडी बघणारे. आणि निकिता मॅडम, दवाखान्याचा कारभार बघणाऱ्या, ज्यांच्यासमोरचे कागदसुद्धा शिस्तीत बसल्यासारखे दिसत होते.

प्रश्न पंकजाच्या कार्डांच्या पाठोपाठ आल्यासारखे आले. न शिकलेला पेशंट. चिडलेला नातेवाईक. मंजुषानं पाणी आधी दिलं, खुर्ची मागून दिली. निकिता मॅडम लिहीत होत्या आणि लिहिताना मान डोलावत होत्या.

"तुमचं बोलणं कमी पडलं, असा एखादा प्रसंग?" भगवानरावांनी विचारलं.

मंजुषानं आबासाहेब सांगितले. सूर्य-चंद्र सांगितले. निकिता मॅडमना ते इतकं आवडलं की त्यांनी पेन खाली ठेवलं. "सुंदर. हे आपल्या नर्सेसना शिकवायला हवं."

भगवानरावही हसले. मग सहज, खुर्चीत मागं रेलत, त्यांनी विचारलं, "त्या बाजूचे बरेच म्हातारे येतात माझ्याकडं. आबासाहेब कुठल्या गावचे? आता कसे आहेत?"

एवढंच. कार्डाच्या मागं एवढंच लिहायचं राहिलं होतं.

चुडाव्याचे म्हणायला काय जात होतं? ठणठणीत आहेत म्हणायला काय जात होतं? मंजुषानं तोंड उघडलं. पण 'आता कसे आहेत' हे चार दिवसांपासून तिच्या मागं लागलेलं वाक्य होतं, आणि ते आबासाहेबांबद्दल नव्हतं. निकिता मॅडमनी पेन पुन्हा उचललं.

"सर," मंजुषा म्हणाली, "असे कुणी आबासाहेब नाहीत. माझ्या बहिणीनं बनवलेत."

निकिता मॅडमनी लिहिलेल्या ओळीवर काट मारली.

"खरा प्रसंग दुसरा आहे. सांगू का?"

"सांगा," भगवानराव म्हणाले.

तिनं सांगितलं. दीड वर्षापूर्वी, डिसेंबरात, राजेश्री नावाची वीस वर्षांची मुलगी आठव्या महिन्यात तपासणीला आली. बरोबर सासरा होता. नवरा आणि सासू दिवाळीनंतरच टोळीबरोबर ऊस तोडायला गेलेले. सासऱ्याचा खुबा दुखतो म्हणून तो जनावरं राखायला घरी, आणि पोटुशी म्हणून सून घरी. गावची आशाताई स्वतःच बाळंतपणाला माहेरी गेलेली. राजेश्रीचं बीपी वाढलेलं होतं, एकशे पन्नास. मंजुषानं गोळ्या दिल्या, आठ दिवसांनी परत बोलावलं आणि चार खुणा सांगितल्या. डोकं ठणकायला लागलं, डोळ्यापुढं अंधारी आली, तोंडा-हातावर सूज चढली, बरगडीखाली पोटात कळ उठली, यातलं एक जरी झालं तरी घटकाभर थांबायचं नाही, दवाखान्याची गाडी बोलवायची.

"छान समजावून सांगितलं मी," मंजुषा म्हणाली. "सोप्या शब्दांत. सासऱ्याकडं बघून. कारण तोच विचारत होता, तोच हं-हं करत होता. ती पदर ओढून भिंतीकडं तोंड करून बसलेली. मी तिला म्हणलं, कळलं ना? तर पदर हलला. मला वाटलं, मान हलवली."

"मग?" निकिता मॅडम म्हणाल्या.

"सहाव्या दिवशी तिला झटके आले. गाडीत, वाटेतच गेली. बाळ पण."

पुढचं सांगताना मंजुषा मुलाखतीतली भाषा विसरली. घरातली भाषा आपोआप आली.

ती राजेश्रीच्या घरी गेली होती, चौकशीचे कागद भरायला. सुग्रीव ओसरीवर गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. तिनं विचारलं, मामा, तिला सांगितलं नव्हतं का तुमी? तर तो म्हणाला, "सांगितलं की बाई. म्हशीला पाणी पाजता पाजता सांगितलं, डॉक्टरीणबाई अशा अशा मनल्यात मनून. ती चुलीपशी व्हती. ऐकू गेलं असंल."

सासरा सुनेशी थेट बोलत नाही. सून सासऱ्यासमोर तोंड उघडत नाही. घरात शिरताना सासरा दारातच खाकरतो, म्हणजे सुनेनं पदर घ्यावा, आडोशाला व्हावं. काही सांगायचं तर सासूला सांगायचं, ती सुनेला सांगते. सासू नसली तर लेकराला. लेकरू पण नसलं तर म्हशीला.

"आन् सूज आली का ते बघितलं न्हाई का?" मंजुषानं तेव्हा विचारलं होतं. सुग्रीवनं तिच्याकडं असं बघितलं, जणू तीच काही घाण बोलली. "सासऱ्यानं सुनंचं तोंड बघावं का बाई? हात-पाय बघावं?"

शेजारणीनं सांगितलं, राजेश्री दोन दिवस कपाळाला सुंठीचा लेप लावून चुलीपुढं बसत होती. डोकं फुटतंय म्हणायची. पण शेजारणीलाही त्या चार खुणा कुणी सांगितल्या नव्हत्या.

"चौकशीत काय झालं?" भगवानरावांनी विचारलं.

"काही नाही. कागदावर 'समजावून सांगितले, समजले' असं लिहिलं होतं. खाली सासऱ्याचा अंगठा. कमिटी म्हणाली, डॉक्टरांची चूक नाही, नातेवाईकांनी उशीर केला."

"मग कागदावर तुम्ही निर्दोष आहात."

"हो."

"मग इथं हे सांगितलंत कशाला?"

"तुम्ही विचारलं म्हणून," मंजुषा म्हणाली. आणि थोडं थांबून, "मी त्याच भागातली आहे, सर. बाहेरून आलेली असते तर वेगळं. आमच्या घरी आजोबा माझ्या आईशी कधी बोलले नाहीत. 'सांग गं तुझ्या आईला, भाकर वाढ म्हणावं,' असं मला म्हणायचे. आई दोन हातांच्या अंतरावर बसलेली असायची. तरी मी उठून जायची आणि सांगायची. सात-आठ वर्षं मी हेच काम केलं. मला कळायला पाहिजे होतं. त्या दिवशी बाहेर साठ बाया बसल्या होत्या आणि मी विसरले."

भगवानरावांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकानं बराच वेळ पुसला. निकिता मॅडमनी कागदांची चळत उगाच सरळ केली, ती आधीच सरळ होती.

"डॉक्टर," त्या म्हणाल्या, आवाजात कडवटपणा नव्हता, "तुमचा प्रामाणिकपणा मला समजतो. पण आमच्याकडं दर आठवड्याला कुणीतरी दगावतं, आणि खाली पन्नास माणसं काचा फोडायच्या तयारीनं उभी असतात. मला तिथं असा डॉक्टर हवा, जो म्हणेल, सगळं सांगितलं होतं, हा बघा कागद. तुम्ही तिथं उभ्या राहून असंच बोललात तर?"

मंजुषानं खरंच विचार केला. "बोलेन, वाटतं," ती म्हणाली.

"तेच तर."

भगवानराव दारापर्यंत सोडायला आले. दाराची मूठ धरून ते हळूच म्हणाले, "मी पण आयुष्यभर सासऱ्यांनाच सांगत आलो. किती पोचलं, कधी मोजलं नाही." मग त्यांनी दार उघडलं. एवढं बोलणं त्यांना परवडण्यासारखं होतं, नोकरी देणं त्यांच्या हातात नव्हतं.

पंकजा बाकड्यावरून उठली, तोंडभर हसू घेऊन. ताईचं तोंड बघून ते हसू तिनं लगेच आवरलं.

"आबासाहेब चालले न्हाईत का?"

"चालले. मीच त्यांना घालवलं."

"कामून?" पंकजाला रडूच फुटायला आलं. "मी चार दिवस बसून बनवले व्हते. तुला नोकरीच नको व्हती, तर मला कार्डं कापायला कामून लावलीस? माझी शाळा बुडली आज."

परतीच्या बसमध्ये दोघींना जागा मिळाली नाही. गर्दीत दांड्याला लटकत, पंकजाच्या कानाशी वाकून, तिनं पहिल्यांदा घरातल्या कुणाला तरी राजेश्रीबद्दल सांगितलं. सगळं नाही. म्हशीपर्यंत.

पंकजा बराच वेळ गप्प होती, आणि पंकजाचं गप्प राहणं म्हणजे गावात लाइट जाण्यासारखंच, लगेच जाणवतं.

"ताये," शेवटी ती म्हणाली, "तू हॉस्टेलला गेल्यावर आजोबांचे निरोप मी सांगायची. निम्मे इसरायची मी. खेळायच्या नादात. आई कधी मनली न्हाई काही."

"ते भाकरीचे निरोप होते."

"तवा काय म्हाईत मला, कशाचे व्हते ते."

मंगळवारी केंद्राच्या व्हरांड्यात बाया दाटीवाटीनं बसल्या होत्या. साडेअकराला सिस्टरनं नाव पुकारलं आणि दारात आधी खाकरण्याचा आवाज आला. मंजुषानं तो आवाज ओळखला. सुग्रीव आत आला, एक पाय ओढत. त्याच्या मागं चार पावलं सोडून शिवकांता होती. पदर नाकाच्या खाली. सासू कडूबाई बाहेर चपला सांभाळत बसली होती.

बीपी बरं होतं. वजन कमी. मंजुषानं कार्डावर लिहिलं आणि तारीख मोजली. नोव्हेंबर. दिवाळीनंतर टोळ्या निघतात, कडूबाईची जाणार, मुलगाही जाणार. हिचे दिवस नेमके तेव्हाच भरणार होते. घरात पुन्हा सासरा, सून आणि म्हैस.

"मामा," ती म्हणाली, "तुमी बाहेर बसा. मला हिच्याशी बोलायचंय."

सुग्रीव हलला नाही. "मला सांगा की बाई. मागच्या बारीला बी मलाच सांगितलं व्हतं तुमी."

त्यात टोमणा नव्हता. तो खरंच आठवण करून देत होता, शहाण्या माणसानं रीत सांगावी तशी. सिस्टरनं मान खाली घातली.

"या बारीला न्हाई," मंजुषा म्हणाली.

"मी कडूबाईला सांगतो, कडूबाई घरात सांगंल."

"कडूबाई नोव्हेंबरात कुठं असतील, मामा?"

दाराच्या चौकटीला हात लावून सुग्रीव उभा राहिला. मग पाय ओढत बाहेर गेला आणि दाराला लागूनच भिंतीशी टेकला. मंजुषानं दार लावलं.

"शिवकांता, पदर वर घे. इथं कुणी न्हाई."

पदर हलला. वर गेला नाही. मागच्या वेळी असाच हलला होता. मंजुषा खुर्ची ओढून तिच्या अगदी समोर बसली, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी, आणि चारही खुणा सांगितल्या. आपल्या कपाळावर हात ठेवून, डोळ्यांवर, गालांवर, बरगडीखाली.

"आता तू सांग मला."

काहीच नाही. बाहेर सुग्रीव खोकला आणि शिवकांता भिंतीकडं वळली. ओढ्याच्या पाण्यात खडा टाकल्यावर मासळी वळते तशी, विचार न करता. मंजुषानं खोकला थांबू दिला. पुन्हा विचारलं. पुन्हा खोकला. पुन्हा भिंत. दारावर सिस्टरनं टकटक केली, "म्याडम, लाइन लय लांब गेलीय."

"जाऊ दे."

पाचव्यांदा विचारल्यावर पदराआडून बारीक आवाज आला, "डोकं ठणकलं तर." मग बऱ्याच वेळानं, "डोळ्यापुढं अंधारलं तर." मग, "तोंड सुजलं तर." आणि थांबला.

"अजून एक."

आवाज आला नाही. चौथी आठवत नव्हती, का सांगायची नव्हती, कळायला मार्ग नव्हता. मंजुषाचे हात मांडीवर पालथे पडले होते. दार उघडावं, कागद पुढं करावा, 'समजावून सांगितले, समजले'. चारातल्या तीन म्हणजे पंच्याहत्तर टक्के, पंकजानं पास केलं असतं.

शिवकांतानं पदर वर केला. चेहरा शाळेतल्या पोरीचा होता. नाकात चमकी, डोळे न हलणारे.

"बाई," तिनं विचारलं, "माझ्या आधी जी व्हती, तिला बी असंच बसून सांगितलं व्हतं का तुमी?"

बाहेर खोकला आला. या वेळी पोरगी वळली नाही. उत्तराची वाट बघत राहिली.

"न्हाई," मंजुषा म्हणाली. "तिला मी सांगितलंच न्हाई. तुझ्या सासऱ्याला सांगितलं."

शिवकांता तिच्याकडं बघत राहिली. राग नव्हता, रडू नव्हतं. जत्रेत भांडं घेताना बाया ते वाजवून बघतात, तशी ती हे ऐकलेलं वाजवून बघत असावी. मग तिनं हात पोटाच्या वर, बरगडीखाली नेला आणि तिथंच धरून ठेवला.

"हितं कळ आली तर," ती म्हणाली. "पण मग गाडी बोलवायला कुणाला सांगू? मला मामंजीसमोर बोलता येत न्हाई."

मंजुषानं टेबलावरचा कागद ओढला, त्यावर गाडीचा नंबर मोठा काढला आणि स्वतःचा खाली. "फोन हाय का तुझ्याकडं?"

"न्हाई."

"घरात कुणाकडं?"

"मामंजीकडं."

दाराच्या फटीतून सुग्रीवच्या पायाची सावली दिसत होती, थोडी हलत होती. मंजुषा त्या सावलीकडं बघत बसली. नोव्हेंबरला चार महिने होते, आणि फोन तेव्हाही सुग्रीवच्याच खिशात असणार होता. मग तिनं कागद शिवकांताच्या हातात दिला, दिलेला परत घेतला, आणि उठून दाराकडं गेली.

"मामा," दार उघडून ती म्हणाली, "आत या. बसा इथं. तुमच्या सुनंला तुमच्यासमोर बोलायचंय."

सुग्रीव चौकटीतच थांबला. तो खाकरला, सवयीनं. शिवकांताचा हात पदराकडं गेला, पोटावरून निघून, आणि अर्ध्या वाटेत थांबला.